ग्रीनहाऊसचं किट घेणाऱ्यांना आधी पाया आणि हवा सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरामागच्या मोकळ्या जागेत बसेल असं छोटं ग्रीनहाऊस किट आणून स्वतःच जोडायची हौस हल्ली बरीच वाढलीये. तुमच्या पेपरात बागकामाच्या पानावरही अधूनमधून त्याबद्दल येतं, लोक ते वाचतात आणि किट मागवतात, हे मी आजूबाजूला बघतेय म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. जे छापून येतं त्यात किट किती फुटाचं, कुठल्या रंगाचं, आत काय काय लावता येईल हे सगळं असतं, पण ते कशावर उभं राहणार, वाऱ्यात त्याला धरून काय ठेवणार आणि आतली गरम हवा कुठून बाहेर जाणार, यावर एक ओळसुद्धा नसते. आणि माझं ठाम म्हणणं आहे की ग्रीनहाऊस टिकणार की नाही आणि त्यात झाडं जगणार की नाही ते यावरच ठरतं, रंग आणि शेल्फ वगैरे सगळं नंतरचं. मी स्वतःकडे एक उभं केलंय आणि ओळखीपाळखीत कोणी किट आणलं की मदतीला जाते, तिथे जे बघितलं ते लिहितेय. पत्र लांबणार आहे, जमलं तर पूर्ण छापा.

किटचा खोका येतो तो चपटा आणि लांबलचक, त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पॉलिकार्बोनेटचे (म्हणजे कडक, उजेड आत येऊ देणाऱ्या प्लॅस्टिकचे) पॅनल, पिशव्यांमधे नट-बोल्ट आणि क्लिपा, आणि सोबत एक चित्रांचं पुस्तक. त्या पुस्तकात पहिल्याच चित्रापासून चौकट जोडायला सुरवात होते. जमिनीबद्दल कुठेतरी बारीक अक्षरात "सपाट व भक्कम पायावर बसवावे" एवढंच. त्या एका वाक्यात खरं तर निम्मं काम आहे, आणि "दोन माणसांनी एका दिवसात जोडा" असं जे जाहिरातीत म्हणतात त्यात हे काम धरलेलंच नसतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी खोका उघडला आणि संध्याकाळी आत कुंड्या ठेवल्या असं होणार नाही, जमिनीचं काम आधीच्या सुट्टीत उरकलेलं असेल तरच होईल.

पाया म्हणजे फार मोठं बांधकाम नाही. चारी बाजूंनी फरशीची किंवा काँक्रीटची पट्टी, नाहीतर जाड लाकडी ओंडक्यांची चौकट, एवढं पुरतं. मधली माती उघडी राहिली तरी चालते, आणि झाडं जमिनीतच लावायची असतील तर ती उघडीच हवी. पण ती पट्टी पातळीत पाहिजे आणि गुण्यात, म्हणजे चारी कोपरे काटकोनात, पाहिजे, त्यात तडजोड नाही. पातळी बघायला पाणसळ किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी. आणि गुण्यात आहे का ते बघायला फक्त मेजरिंग टेप लागते आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस. तिरक्या कोपऱ्यांमधलं अंतर मोजायचं, एक कर्ण आणि दुसरा कर्ण, समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात. 6 बाय 8 फुटाचा कर्ण तर बरोब्बर 10 फूट येतो, शाळेत शिकलेल्या 3-4-5 च्या त्रिकोणाची ती दुप्पट आहे. फक्त एक आहे, जाहिरातीतलं 6 बाय 8 हे बहुतेक वेळा गोळाबेरीज असते, खरी चौकट काही इंचांनी कमी किंवा जास्त भरते, त्यामुळे पाया आखायच्या आधी पुस्तकातलं मिलिमीटरमधलं माप बघा किंवा तळाची चौकट जोडून जागेवर ठेवा आणि तिच्याच कडेने दोरी मारा, हे दुसरं मला जास्त भरवशाचं वाटतं.

हे एवढं खोलात सांगायचं कारण असं की तळ जरा तिरका गेला तर खाली काहीच कळत नाही, कळतं ते वर गेल्यावर. छताच्या पॅनलला एका बाजूला फट पडते, दुसऱ्या बाजूला ते खाचेत शिरतच नाही, सरकतं दार मधेच अडकतं, आणि मग सगळे म्हणतात किटच खराब आलं. एका ओळखीच्या ताईंकडे शेवटचं पॅनल बसेना म्हणून दोघं जण ते कापून कमी करायला निघाले होते, कटर हातात होता. आम्ही टेप लावली तर दोन कर्णांत बोटभर फरक. सगळे नट थोडे ढिले केले, एक कोपरा हळूहळू ढकलत कर्ण सारखे केले, आणि तेच पॅनल हाताने सरकत आत गेलं. म्हणून पुस्तकात लिहिलेलं असो वा नसो, नट शेवटपर्यंत हातानेच फिरवून ठेवायचे, पूर्ण सांगाडा उभा राहिला, कर्ण तपासले, दाराची चौकट ओळंब्यात आली, की मगच पाना घेऊन आवळायचे. ॲल्युमिनियम मऊ असतं, जास्त पिळलं तर बोल्टचं डोकं खाच फाडून बाहेर येतं, तेव्हा आवळताना पण बेतानेच.

बोल्टांवरून आठवलं. या पट्ट्यांना लांबभर खाच असते आणि बोल्टचं चौकोनी डोकं त्या खाचेत टोकाकडून सरकवायचं असतं. एकदा दोन्ही टोकं जोडून बंद झाली की नवीन बोल्ट आत जात नाही. म्हणून जोडतानाच प्रत्येक पट्टीत दोन-चार बोल्ट जास्तीचे सरकवून ठेवा, पुढे शेल्फ लावायला, वेलीसाठी तार ताणायला, आतून शेडनेट बांधायला ते लागतातच. राहून गेलेच तर डोकं दोन बाजूंनी तासलेले बोल्ट वेगळे मिळतात, ते खाचेत घालून पाव वळसा फिरवले की अडकून बसतात, पण हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं मी बघितलं नाही आणि लोक बिचारे अख्खी बाजू परत उघडतात.

आता वारा. यासाठी थोडे आकडे देते, कारण नुसतं "नीट बांधा" म्हटलं की कोणी मनावर घेत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी 36 किलोमीटरचा वारा समोरच्या भिंतीवर चौरस मीटरला साधारण 6 किलो वजनाइतका रेटा देतो आणि ताशी 72 चा वारा 25 किलोचा. 8 फूट लांब आणि 6 फूट उंच बाजू धरली तर ती साडेचार चौरस मीटरची होते, म्हणजे त्या एका बाजूवर 110 किलोच्या आसपास रेटा आला, आणि पातळ पॅनलचं अख्खं किट बरेचदा 40-50 किलोच्या आतबाहेर असतं! छतावर तर वारा दाबत नाही, उलट वर ओढतो, आणि दार उघडं राहिलेलं असलं की आतूनसुद्धा फुगवतो. तेव्हा "आमची जागा आडोशाची आहे" असं म्हणून नुसतं जमिनीवर ठेवलेलं ग्रीनहाऊस एखाद्या रात्री शेजारच्या कुंपणावर सापडतं, हे काही नशीब नाही, हे गणितच आहे.

किटबरोबर पत्र्याच्या ज्या बारीक खुंट्या येतात त्या भुसभुशीत मातीत हाताने उपटता येतात, त्यांच्यावर काही सोडू नका. काँक्रीट किंवा फरशीची पट्टी असेल तर तळाची चौकट एल आकाराच्या पट्ट्यांनी आणि अँकर बोल्टने खाली घट्ट करा, फरशी पातळ आणि सुटी असेल तर ती स्वतःच उचलली जाते हे लक्षात ठेवा. नुसती माती असेल तर चारी कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मधे हातभर खोल खड्डे घेऊन त्यात सळई किंवा अँगल उभा करून काँक्रीट भरायचं आणि चौकट त्याला पकडायची. आणि इथे अजून एक बारीक गोष्ट, ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं, तांब्याचं औषध मारलेलं लाकूडसुद्धा खातं, म्हणून दोघांच्या मधे जाड प्लॅस्टिकची किंवा डांबरी पट्टी घालायची. काही वर्षांनी तळाची चौकट पांढरी पडून पोखरलेली दिसते ती बरेचदा याच्यामुळे.

जोडायचा दिवस वारा नसलेला निवडा. नुसता सांगाडा फारसा वारा घेत नाही पण अर्धे पॅनल लावलेला सांगाडा शिडासारखा भरतो, म्हणून पॅनल लावायला घेतले की त्याच दिवशी सगळे लावून, सगळ्या क्लिपा मारून, दारासकट संपवायचं. नाही जमत असं वाटलं तर सुरू करू नका, सांगाडा तसाच बांधून ठेवा आणि पॅनल घरात आडवे ठेवा. हातमोजे घाला, कापलेल्या ॲल्युमिनियमच्या कडा फार वाईट लागतात.

पॅनलबद्दल थोडं. स्वस्तातल्या किटमधे 4 मिलिमीटरचं दुहेरी भिंतीचं (दोन पातळ थर आणि मधे लांब पोकळ नळ्या) पॉलिकार्बोनेट येतं, त्याच्या वर 6 आणि 10. फरक नुसत्या उबेचा नाही, पातळ पॅनल वाऱ्याच्या झटक्यात वाकतं आणि क्लिपमधून निसटतं, आणि एक पॅनल उडालं की वारा आत शिरून बाकीची काढतो. मोकळ्या माळावर जागा असेल तर 4 घेऊच नये असं माझं मत. या पॅनलची एकच बाजू ऊन सोसणारी असते, तिच्यावर संरक्षक थर असतो आणि वरच्या प्लॅस्टिकच्या कागदावर तसं छापलेलं असतं, ती बाजू बाहेर. उलटं लावलं तर पॅनल पिवळं पडून ठिसूळ होतं. कागद आधी सगळा काढून टाकला तर कुठली बाजू कुठली ते ओळखू येत नाही, आणि लावून झाल्यावर उन्हात तसाच ठेवला तर तो चिकटून बसतो, म्हणून कडेचा कागद तेवढा सोलायचा, पॅनल बसवायचं आणि मग लगेच उरलेला काढायचा, आणि त्याआधी त्या बाजूवर कोपऱ्यात मार्करने खूण करून ठेवली तर उत्तम.

पॅनलच्या आतल्या नळ्या उभ्या आल्या पाहिजेत, आत जमणारं दवाचं पाणी खाली उतरायला. वरचं टोक ॲल्युमिनियमच्या टेपने पूर्ण बंद, खालचं टोक बारीक भोकांच्या टेपने, म्हणजे पाणी निघतं पण मुंग्या आणि धूळ जात नाही. ही टेप बऱ्याच किटमधे देतच नाहीत आणि मग वर्षभरात नळ्यांमधे हिरवं शेवाळ दिसायला लागतं, ते आतून धुता येत नाही. आणि पॉलिकार्बोनेट उन्हाने वाढतं, एका मीटरला एका अंशामागे 0.065 मिलिमीटर, ऐकायला नगण्य, पण 2 मीटरच्या पॅनलला पहाटेपासून भर दुपारपर्यंत 40 अंशांचा फरक पडला तर 5 मिलिमीटरच्या वर होतं, आणि ॲल्युमिनियम त्याच्या साधारण एक तृतीयांशच वाढतं. म्हणून पॅनलला आरपार स्क्रू मारायचाच असेल तर भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा आणि खाली रुंद वॉशर घाला, घट्ट भोकातून तडा जातो. वाऱ्याच्या जागी पॅनलच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ मारली तर पॅनल उडत नाही, फक्त ते न्यूट्रल क्युअरचं घ्या, आंबट वास येणारं पॉलिकार्बोनेटला चालत नाही.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते म्हणजे हवेचं. लोकांना वाटतं ग्रीनहाऊसमधे झाडं थंडीने मरतील, मी जी मेलेली बघितलीत ती जास्त करून उन्हाने मेलीत, आणि ती सुद्धा बाहेर छान प्रसन्न ऊन असताना. स्वच्छ दुपारी चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट ऊन पडतं, 6 बाय 8 चा मजला म्हणजे साडेचार चौरस मीटर, छतातून थोडं कमी झालं तरी साडेतीन किलोवॉटच्या आसपास उष्णता त्या बंद खोक्यात सतत येत राहते. 1909 मधे आर. डब्ल्यू. वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दोन खोकी केली, एकावर काचेचं झाकण, दुसऱ्यावर खनिज मिठाचं, जे उष्णतेच्या लहरी बाहेर जाऊ देतं. दोन्ही उन्हात जवळपास सारखीच तापली, 65 अंशांच्या आसपास. म्हणजे आतली उष्णता अडकते ती मुख्यतः हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. हे समजलं की उपाय पण समजतो, वरची खिडकी उघडली की गरम हवा आपोआप निघते आणि खालून गार हवा आत येते.

छतातल्या खिडक्या मजल्याच्या क्षेत्रफळाच्या 15 ते 20 टक्के हव्यात असा जाणत्यांचा हिशोब आहे. साडेचार चौरस मीटरला 20 टक्के म्हणजे 0.9 चौरस मीटर. किटमधे येते ती एकच खिडकी, 60 बाय 55 सेंटिमीटर धरली तर 0.33. म्हणजे हवी त्याच्या जेमतेम एक तृतीयांश! दार उघडं ठेवून थोडं भागतं, पण दार खाली असतं आणि गरम हवा आढ्याशी साचते, त्यामुळे नुसत्या दारावर भरवसा ठेवून चालत नाही. किट घेतानाच दुसरी छताची खिडकी आणि दारासमोरच्या भिंतीत खाली एक झडपांची खिडकी मागून घ्या, नंतर पॅनल कापून लावणं फार किचकट जातं. टोमॅटोचं झाड 35 अंशांच्या वर फुलं गाळायला लागतं, रोपांच्या ट्रे तर एका दुपारीत वाळून कोळ होतात.

खिडकी आपोआप उघडणारं एक यंत्र मिळतं, त्याला वीज लागत नाही. एका नळकांड्यात मेण असतं, तापलं की ते फुगून दांडा बाहेर ढकलतं आणि खिडकी वर जाते, गार झालं की स्प्रिंग तिला परत ओढून घेते. दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी हे घ्यावंच, माझ्या मते शेल्फच्या आधी घ्यावं. एवढंच की त्याला उष्णता कळते, वारा कळत नाही, त्यामुळे वादळाचा अंदाज असेल त्या दिवशी ते सोडवून खिडकी हाताने बंद करून ठेवायची. आणि झाडांच्या उंचीवर, सावलीत, कमाल-किमान दाखवणारा एक थर्मामीटर टांगा, उन्हात टांगलेला थर्मामीटर स्वतःचंच तापमान दाखवतो. उन्हाळ्यात शेडनेट शक्यतो बाहेरून घाला, आतून घातलं तर उष्णता आधीच आत आलेली असते.

विकणाऱ्यांकडे माझी तक्रार अशी की यातलं काहीच ते ठळकपणे सांगत नाहीत. एका ओळखीच्यांना किट आल्यावर कळलं की तळाची चौकट त्यात नाहीच, ती वेगळी विकत घ्यायची, आणि तिच्याशिवाय दार जमिनीला घासतं. उंची सांगतात ती आढ्याची, कडेला उभं राहिलं की डोकं लागतं, आणि दाराची रुंदी कोणी सांगतच नाही, मग मातीची हातगाडी बाहेरच उतरवायची. घेणाऱ्याने विचारायलाच हवं की सगळ्या किटचं वजन किती (वजन कमी म्हणजे पट्ट्या पातळ, इतकं सरळ आहे ते), पॅनल किती मिलिमीटर, खिडक्या किती आणि केवढ्या, तळाची चौकट आत आहे का, एखादं पॅनल फुटलं तर सुटं मिळेल का. उत्तर नीट मिळालं नाही तर मी तरी ते किट घेणार नाही. आणि खोका आला की जोडायला लागायच्या आधी सगळे भाग यादीप्रमाणे मोजून घ्या, त्यांच्यावरचे नंबरांचे स्टिकर गळून पडतात म्हणून मार्करने नंबर लिहा, कमी असलेली पट्टी अर्ध्या कामात कळली तर सांगाडा तसाच उघड्यावर राहतो.

संपादकसाहेब, तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी बागकामाच्या पानावर ग्रीनहाऊस किटबद्दल छापाल तेव्हा फुलांनी भरलेल्या ग्रीनहाऊसच्या फोटोशेजारी एक छोटी चौकट द्या, त्यात दोन कर्णांचं चित्र, पाया कसा पकडायचा ते, आणि मजल्याच्या प्रमाणात खिडक्या किती हव्यात ते असू द्या. आणि जुनं किट कोणाकडून घेणाऱ्यांसाठी पण दोन ओळी असाव्यात, कारण पुस्तक हरवलेलं असतं आणि लोक पट्ट्यांचा भारा बांधून घेऊन येतात. सुटं करायच्या आधी प्रत्येक कोपऱ्याचा जवळून फोटो काढायचा, प्रत्येक जोडाच्या दोन्ही पट्ट्यांवर एकच नंबर लिहायचा, पॅनल आधी काढून वेगळे बांधायचे, आणि क्लिपा व रबर नवीनच घ्यायचे, जुने कडक झालेले असतात आणि परत बसवताना तुटतात.

आपली,
एक नियमित वाचक